तपकिरीच्या जागी

हॅलो? … हॅलो, कोण? … आगं आरती, तू हाईस व्हय! थांब, थांब… डाव्या हातानं धरलाय फोन, कानाला नीट लागंना… हां. आता बोल.

… कुणाला? … मला? टायफॉइड?

… कोण म्हणलं तुला? … आगं ए, रडायलीस कशाला? मला टायफॉइड-बियफॉइड काय झालेलं न्हाई! हात दाखवायला लातूरला आलेय मी. हात! मनगट! मनगटाला कुठं टायफॉइड होतो का माय?

… ग्रुपवर कुणी टाकलं? वीरेशनं? … आणि तुझ्या त्या भावाला कुणी सांगितलं? … हां. तुझ्या अप्पांनी. वाटलंच मला.

आगं ऐक ना. डॉक्टर म्हणले स्केफॉइड. स्के-फॉ-इड. मनगटातल्या हाडाचं नाव हाय ते. अप्पांनी ऐकलं टायफॉइड, हातासंगं ते बी झालं म्हणून. आणि एकदा त्यांनी ऐकलं म्हणजे झालं, मग खुद्द डॉक्टर आला तरी ऐकणार न्हाईत. … हाव, हाव, म्हणून तर उमरीच्या मावशीनं सकाळी फोन करून विचारलं, "ताप उतरला का?" मी म्हणलं, उतरला. मला वाटलं अप्पांच्या डोस्क्याचं विचारायली.

… कुणी? पपईच्या पानांचा रस? … आगं ते डेंगूला असतंय! … काय आपले लोक हाईत. एकानं गुलाबाचं फूल टाकलं, एकानं मोसंबीचा फोटो टाकला, मोसंबी कुणी आणली न्हाई. … तू तेवढं लिहून टाक ग्रुपवर, अव्वाला टायफॉइड न्हाई, हात मोडलाय. … न्हाई, थांब. मोडलाय म्हणून टाकू नको. ते अजून ठरायचंय.

… तेच सांगायले की! तू आधी नाक पूस. पुसलं? … मी बाकड्यावर बसलेय, एक्स-रेच्या खोलीबाहेर. प्लास्टर कापून काढलं, दुसऱ्यांदा फोटो काढला, आता डॉक्टर बघून सांगणार. … अप्पा? हाईत की. तिकडं पाण्याच्या टाकीपाशी उभे हाईत, माझ्याकडं पाठ करून. बोलत न्हाईत माझ्याशी. … लई दिवस झाले. … सांगते म्हणलं की, सगळं सांगते. पहिल्यापासनं सांगू का? जावईबापू कॉलेजला गेले का? मग ऐक.

ह्या येळवसच्या अमावस्येला तू शेतात जेवायला आली न्हाईस, शिवांशची परीक्षा म्हणून. बरं केलंस. न्हाईतर तुझ्याच डोळ्यापुढं पडले असते. … आगं शेतात. बांधावर. अप्पांनी आदल्या दिवशी हरभऱ्याला पाणी सोडलेलं, बांध सगळा चिक्कट. मी आंबिलीचं मातीचं बिंदगं डोक्यावर घेऊन कडब्याच्या कोपीकडं निघालेले. एक हात बिंदग्याला. पाय सटकला की गं! बिंदगं सोडलं न्हाई मी. ह्या हातानं धरून ठेवलं, आणि दुसरा टेकला खाली. उजवा. अख्खं वजन त्या तळहातावर आलं. कटकन आवाज झाला बघ आतून.

… आंबील? एक थेंब सांडली न्हाई! … हसू नको. अप्पा धावत आले. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांत नवरा माझ्यासाठी पळाला. आले, बिंदगं हातातलं काढून घेतलं आणि म्हणले, "वाचली बाई." मी म्हणलं, हाव, वाचले. तर म्हणले, "मी आंबील म्हणायलो."

… हस. हस तू. मी बी हसले तवा. अवघं गोत बसलेलं जेवायला, रडू कुठं?

मग काय, डाव्या हातानं बाजरीचे उंडे आणि भाज्यांची भज्जी वाढली. तुझ्या वहिनीची, तनुजाची आई आली होती पाहुणी म्हणून, ती म्हणली, "विहीणबाई, डाव्या हातानं वाढायलाव?" मी म्हणलं, चव तीच हाय, खावा. … आणि संध्याकाळी हात हा एवढा सुजला. दुसऱ्या दिवशी उदगीरला नेलं. तिथं फोटो काढला. बांगड्या काढ म्हणला तो फोटोवाला. अप्पा म्हणले, सवाष्णीचा हात मोकळा करायचा न्हाई. मग बांगड्या कोपरापर्यंत चढवून सुतळीनं बांधल्या आणि हात ठेवला पाटीवर. डॉक्टरनं फोटो खिडकीकडं धरला, इकडून बघितला, तिकडून बघितला, म्हणला, "क्लिअर हाय. मुरगळलंय. पट्टी बांधा."

हां! हाच, हाच शब्द. क्लिअर. तिथून सगळं बिघडलं बघ. तुझ्या अप्पांना तो शब्द काय आवडला, काय आवडला! फोटो आपल्या किराणा दुकानात नेला. ट्यूबलाइटपुढं धरायचा आणि येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवायचा. "बघा, कुठं काय हाय का?" पावशेर जिरं घ्यायला आलेला माणूस माझं हाड बघून जायला लागला. एक जण म्हणला, "अप्पा, हे इथं तुटल्यावाणी दिसायलंय." तर ते बोटाचं पेर निघालं.

मी दुखतंय म्हणलं की फोटो पुढं. कण्हले की फोटो. बरणीचं झाकण फिरंना म्हणलं, तर म्हणले, "फोटो बघ." आता फोटो बघून झाकण फिरतंय का?

… काय? … काय म्हणलीस? परत म्हण. … "पण अव्वा, एक्स-रे क्लिअरच होता ना."

तू बी?

… न्हाई, बोल, बोल. ऐकायले मी. … तनुजानं काय सांगितलं? … उंडे करायला नको म्हणून? … आगं येळवस होऊन गेल्यावर कसले उंडे? आणि उंडे करायचा कंटाळा आला म्हणून बांधावर जाऊन मनगट आपटून घेऊ? सरळ झोपले नसते का चादर ओढून?

… हाव. उमरीच्या लग्नात आली होती चक्कर. … हाव, ते नाटक होतं. त्या लग्नाला जायचंच नव्हतं मला. पण ते मी नाटक म्हणून केलं होतं, आणि चांगलं केलं होतं, डॉक्टर सलाईन लावून गेला! ह्यात काय नाटक हाय? सूज काय मी फुंकून आणली?

… माझं ऐक. मला कपडा पिळता येईना. कुलूप उघडता येईना. वेणी घालता येईना, तनुजाकडून घालून घ्यायले, ती ओढून घालते. भाकरी थापायला बसले तर परातीत हात टेकवंना. आणि घरात एकच, फोटोत काय न्हाई, फोटोत काय न्हाई. मलाच वाटायलं आरती, आपलंच डोस्कं फिरलं की काय. फोटो खरा आणि मी खोटी. चाळीस वरसं ह्या घरात राबले, आणि एका काळ्या कागदावर सगळ्यांचा भरवसा, माझ्यावर कुणाचा न्हाई. लई वाईट वाटलं मला. खरंच लई वाईट वाटलं.

… हं. … बरं, बरं. रडू नको परत. … न्हाई रागावले. तुझ्यावर कशाला रागावू? तू लांब हाईस. जवळच्यांवर रागवायला वेळ पुरंना.

… ओ बाई, जरा सरकता का? हात लागतोय. … न्हाई, न्हाई, टायफॉइड न्हाई. मुलीशी बोलायले.

हां, बोल. … खोटं कशाला बोलू, लातूरला तनुजानंच काढलं. चहाचं पातेलं उतरवायला गेले आणि हातातनं सुटलं. अवघा चहा चुलीवर. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणली, "अत्ती, हे काय मुरगळलेलं न्हाई." त्याच दिवशी अप्पांना म्हणली, लातूरला चला. ती म्हणली म्हणून आले. मी म्हणले असते तर फोटो दाखवला असता.

आता ऐक, इथनं खरी गंमत. … आगं गंमत म्हण न्हाईतर फजिती म्हण.

इथला डॉक्टर पोरगेला हाय, चष्म्याचा. अप्पांनी गेल्या गेल्या फोटो पुढं केला. "क्लिअर हाय," म्हणले, त्यानं बघायच्या आधीच. तर त्या लेकरानं फोटो घेतला आणि टेबलावर उलटा ठेवला. म्हणला, "फोटो मग बघू. आधी हात बघू." आगं, मला तिथंच रडू आलं. पहिला माणूस भेटला जो हात बघतो म्हणला.

मग म्हणला, "आजी, अंगठा असा ताठ करा." केला. अंगठ्याच्या बुडाशी दोन शिरा वर येतात बघ, मधी खड्डा पडतो. … कर तू बी, करून बघ. … पडला का? तोच. त्या खड्ड्यावर बोट ठेवून तो मला म्हणतो, "ह्या जागेला आम्ही डॉक्टर लोक तपकिरीची डबी म्हणतो."

अय्यो शिवने!

… आगं, "काहून" काय विचारतीस! मी कुठं ठेवते तपकीर? तिथंच ठेवते की! चिमूट काढायची, त्या खड्ड्यात ठेवायची आणि ओढायची नाकानं. मला वाटलं, मेलं! फोटोत तपकीर दिसली! हाड दिसलं न्हाई आणि तपकीर बरी दिसली!

आणि अप्पा बाजूलाच उभे. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "डॉक्टर, रोजची न्हाई हो! सकाळी एक चिमूट, आणि दुपारी डोळा लागायच्या आधी एक, बस!"

… हाव! सगळं बोलून टाकलं! कुणी विचारलं बी नव्हतं! तो डॉक्टर म्हणला, "आजी, मी हाडाचं विचारतोय. त्या खड्ड्याखाली स्केफॉइडचं हाड असतं." आणि अप्पा म्हणले, "कुठली तपकीर?"

… हसून घे. पोट धरून हस. मी तिथं मरायले होते.

… शपथ? हाव, घेतली होती की श्रावणात. पण काय शपथ घातली होती त्यांनी, आठव. तपकीर दाताला लावणार न्हाई. मी लावली का? एक दिवस न्हाई लावली. नाकानं घेतली. नाक काय दातात येतंय? … ते त्यांना पटंना. म्हणले, "देवापुढं फसवलंस." मी म्हणलं, देवाला फसवलं न्हाई, देवाला सगळं दिसतंय. तुम्हालाच दिसलं न्हाई.

तवापासनं बोलणं बंद.

… आणि आरती, आता डोस्कं लाव. उदगीरला बी डॉक्टरनं विचारलं होतं मला, नेमकं कुठं दुखतंय? मला ठावं होतं नेमकं कुठं ते. तपकीर ठेवते तिथं. पण अप्पा शेजारी. कसं म्हणू? मी म्हणलं, सगळीकडंच दुखतंय. त्यानं बी मग सगळ्याच हाताचा साधा फोटो काढला. इथला म्हणला, ही जागा दुखते म्हणलं असतं तर हात करंगळीकडं वाकवून वेगळा फोटो काढला असता. … हाव की. अर्धं डॉक्टरचं, अर्धं तपकिरीचं.

मग त्यानं तिथं दाबलं. नुसतं एवढंसं दाबलं. जीव गेला माझा. त्याच्या टेबलाला लाथ बसली. तो म्हणला, "फोटो चांगला हाय आजी, पण तुमची लाथ त्याहून चांगली हाय. प्लास्टर घालू."

… तेच! तेच अप्पा म्हणले! "क्लिअर असल्यावर प्लास्टर कशाचं?" मग त्यानं समजावून सांगितलं. काजूएवढं हाड हाय म्हणला, मधी दडून बसलेलं. तुटलं तरी सुरुवातीला केसाएवढी चीर पडते, साध्या फोटोत पाचातली एखादी सुटून जाते. दोनेक आठवडे गेले की चिरेच्या कडा झिजतात, मग दिसते. फोटोत दिसलं न्हाई म्हणजे तुटलं न्हाई असं नसतंय म्हणला. तोवर तुटलंय असं धरून चालायचं. … मोठं मशीन हाय की, एमआरआय. त्यात लगेच दिसतं म्हणला. पण अप्पा म्हणले, आधी हाच फोटो परत काढू. त्यांना त्यांचा फोटोच खरा करायचा होता.

"न दिसणाऱ्या गोष्टीला प्लास्टर घालायलाव," म्हणले. मी म्हणलं, माझं दुखणं बी दिसत न्हाई, वारं बी दिसत न्हाई. मग धोतर कशानं उडतंय तुमचं?

… प्लास्टर? त्याची बी एक गंमतच. ह्या हाडाला अंगठ्यासकट घालतात. अंगठा वर करून. म्हणजे चोवीस तास ठेंगा! जो येईल त्याला ठेंगा. मठातले स्वामी आले घरी, त्यांना वाकून नमस्कार केला, तर तिथं बी ठेंगा. अप्पा माझ्याशी बोलत न्हाईत, तनुजाला म्हणायचे, "विचार, चहा घेणार का." मी समोरच बसलेली! मी हात वर करायचे, ठेंगा दिसायचा. त्यांना वाटायचं, मी मुद्दाम करायले.

… थोडं मुद्दाम बी होतं.

… हं. … न्हाई, आता सांगते, कशाची भीती हाय ते. हळू बोलते, तू नीट ऐक. आज फोटो परत क्लिअर आला ना, तर प्लास्टर बंद. असं ठरवलंय त्यांनी. देगलूरच्या साहेबराव पैलवानाला बोलवून ठेवलंय घरी. संध्याकाळी येणार. … तोच, हाड बसवणारा. दोघं धरणार आणि तो ओढणार. वीरेशला बी सांगून ठेवलंय धरायला.

… डॉक्टरला विचारलं की मी. तो म्हणला, बिलकुल ओढू देऊ नका. त्या काजूला रक्त एकाच बाजूनं जातंय. ओढाताण झाली तर तेवढं हाड सुकून जातंय आतल्या आत, आणि मग मनगट कायमचं गेलं. … हाव. कायमचं. उजवा हात हाय गं माझा.

भ्या वाटायलंय मला, आरती. तुला म्हणून सांगते. इथं बसून म्हणायले, देवा, तुटलेलं निघू दे. असं कुणी मागतं का देवाकडं? सगळे म्हणतात हातपाय धड ठेव, मी म्हणायले मोडलेला ठेव. तो बी चक्रावला असंल.

… तू अप्पांशी बोलतीस? … नको. आता नको. तू म्हणलीस तर म्हणतील, मायलेकी एक झाल्या. … न्हाई ऐकत ते. मी पळून येऊ का तुझ्याकडं? विष्णुपुरीला? … खरंच म्हणायले. फोटो क्लिअर निघाला तर इथनंच नांदेडची गाडी धरते. एका हातानं बी चढता येतंय. लुगडं हाय नेसलेलं, आणखी काय लागतंय?

… कोण? हो, मीच! सिस्टर, मीच नीलाबाई! … काय? नातेवाईक? ते काय, टाकीपाशी उभे हाईत, पांढरी टोपी. … त्यांना आत बोलवलंय? त्यांना कशाला? हात माझा हाय! … बसा म्हणं. बसलेलेच हाय की!

बघितलंस? मोडायला मी, बघायला ते.

… थांब. गेले आत. दार उघडंच हाय थोडं… दिसायलंय मला. … डॉक्टरनं दिवा लावला. दोन फोटो लावलेत. शेजारी शेजारी. … पेन घेतलाय हातात. … अप्पा वाकलेत. … चष्मा काढला. पुसला. घातला. … परत काढला. … आगं मला काय ठावं! पाठच दिसायली नुसती. … डॉक्टर आपलाच अंगठा ताठ करून दाखवायलाय. … अप्पा बी करायलेत. आपल्याच अंगठ्याच्या बुडाला बोट लावून बघायलेत.

… बोलत राहा तू काहीतरी. … शिवांशचा पेपर कसा गेला? … गणिताचा? … बरं. … आले. आले बाहेर. थांब.

अहो. काय म्हणले? … अहो, काय म्हणले डॉक्टर? … बोलत न्हाईत, आरती. नुसते उभे हाईत. … आता तनुजा न्हाई इथं मधी, आता मलाच सांगायला लागंल! बोला की! … काय दाखवायलाव? अंगठा? मला ठेंगा दाखवायलाव व्हय? … कुठं? … इथं? … ह्या खड्ड्यात? तपकिरीच्या…

हाय? चीर हाय? खरं?

तुटलंय! आरती! तुटलंय गं माय! हाड तुटलंय माझं! तपकिरीच्या जागीच तुटलंय! … हाव! फोटोतच दिसलं! … ओ बाई, हाड तुटलंय माझं! पेढे असते तर दिले असते तुम्हाला! … येडी न्हाई झाले, सिस्टर, माझं हाड तुटलंय!

… रडायले कुठं? हसायले मी. … दोन्ही करायले. थांब जरा.

… काय? काय म्हणायलाव? … आरती, ऐक, हे काय म्हणायलेत. "उदगीरला डावा हात दिला असशील फोटोला." … अहो, सुतळी कुठल्या हाताला बांधली होती? तुम्हीच बांधली की! … उजव्या हातावरचं गोंदण फोटोत दिसलं न्हाई म्हणून? गोंदण फोटोत येतंय का कुठं? … आणि ते दोन फोटो कशाला लावलेत मग डॉक्टरनं? … काय म्हणला तो? … पहिल्या फोटोत बी हाय? केसाएवढी? … आता ठावं हाय म्हणून दिसायली म्हणं. ऐकलंस आरती? पहिल्या फोटोत बी होती. दुकानात ट्यूबलाइटपुढं धरून गावाला दाखवत होते, तवा बी होती. गिऱ्हाइकानं बघितली, अप्पांनी बघितली, कुणालाच दिसली न्हाई.

अहो, मी सांगत होते की! तोंडानं सांगत होते! मराठीत सांगत होते! फोटो काय तुमच्याशी बोलत होता का? मी बोलत होते. मी पडले तवा बी तुम्ही आंबील उचलली. … हाव, बोलणार! बघू द्या लोकांना! तुमच्यापेक्षा तो परका पोरगा बरा, त्यानं फोटो उलटा ठेवला आणि माझा हात धरला. तुम्ही कवा धरलाव? … बोला.

… हॅलो. हाव, हाय मी. … बसले शेजारी बाकड्यावर. टोपी काढली. … थांब, फोन लावायलेत कुणाला तरी. … पैलवानाला. … "साहेबराव, येऊ नको." … "न्हाई, न्हाई, कवाच येऊ नको." … काय म्हणायलेत अजून, थांब… "तुटलंय म्हणून सांगत होती ती. मीच ऐकलं न्हाई."

ऐकलंस का तू? … न्हाई, मला म्हणले न्हाईत, पैलवानाला म्हणले. पण मी ऐकलं की. शेजारीच बसलेय.

… हं. … प्लास्टर परत घालणार. अंगठ्यासकट. हाव, परत ठेंगा. घालू दे, ह्या बारी मी तो मिरवणार. दुकानात बसणार गल्ल्यावर. … आणि तो मेला फोटो… आं? काय हाय? … काय काढायलाव खिशातनं?

… आरती. माझी डबी हाय गं. … तपकिरीची. त्या दिवशी काढून घेतली होती. मला वाटलं फेकली. खिशातच घेऊन फिरायलेत एवढे दिवस. … उघडायलेत. एका हातानं मला उघडंना म्हणून. … अहो, नको. … नको म्हणलं की. डॉक्टर म्हणला, हाड जुळेपर्यंत तंबाखूचं नाव काढायचं न्हाई, जुळायला उशीर लागतो. … खरंच नको. शपथेवर न्हाई, हाडासाठी. तुमच्या खिशातच राहू द्या. आणि झाकण घट्ट लावा, न्हाईतर तुम्हीच शिंकत बसताल दुकानात.

… हाव, बोल. ऐकायले. … जावईबापूंना सांग, हाड तुटलंय, काळजी करू नका. … तू ये संक्रांतीला. हाव, शिवांशला घेऊन ये. ग्रुपवर टाक आता, मोठ्या अक्षरात टाक, अव्वा खरं बोलत होती. आणि खाली लिही, मोसंबी चालतील. …

अहो, इकडनं न्हाई! ह्या हाताला लागतंय. … त्या बाजूनं या. … आगं तुला न्हाई, अप्पांना म्हणायले. … काय न्हाई. … आगं काय न्हाई झालं. … ऐक, ठेव आता. … न्हाई, नंतर बोलू, आता ठेव. … एकच हात धड हाय मला, आणि त्यात फोन हाय. आणि तुझे अप्पा मघापासनं हात पुढं करून बसलेत.

… बघू दे की लोकांना. ठेव.